खिडकीच्या पोटातलं धुकं

घड्याळजींच्या घरातली दर्शनी खिडकी आंधळी झाली, ती नेमकी त्यांच्या बायकोचा पाय मोडल्यावर. संकटं एकेकटी येत नाहीत हे खरं, पण इतकी ठरवून, हातात हात घालून आलेली संकटं त्या गल्लीत आजवर कुणी पाहिली नव्हती.

पाय मोडला तो पडदे काढताना. ज्या स्टुलावर काकू चढल्या होत्या त्याचा एक पाय आखूड होता. घड्याळजी जगाच्या घड्याळांतली केसाएवढी स्प्रिंग सरळ करून द्यायचे, बोकडानं गिळलेलं घड्याळ त्यांनी एकदा बोकडाच्या पोटाला कान लावून बाहेरूनच वेळेवर आणलं होतं असं लोक सांगत. पण घरच्या स्टुलाला मात्र ते बारा वर्षं "उद्या बघतो" म्हणत आले होते. काकू पडल्या. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं, हातात कुबडी दिली आणि सहा आठवडे गरजेपलीकडे जागचं हलायचं नाही म्हणून बजावलं.

तेव्हा आरामखुर्ची खिडकीशी ओढली गेली. समोर न्हावीदादांचं दुकान, डावीकडे बसथांबा, उजवीकडे टपालाची लाल पेटी. काकूंना एवढं साम्राज्य पुरेसं होतं. कोण कुठल्या बसनं गेलं, कोण दाढी न करताच दुकानातून बाहेर पडलं, कुणी पेटीत पत्र टाकलं आणि टाकल्यावर पस्तावून आत हात घालून पाहिलं, ही सगळी दप्तरं त्या तोंडपाठ ठेवत. पहिले दोन आठवडे असे मजेत गेले की काकू म्हणाल्या, "आधीच मोडायला हवा होता."

आणि मग खिडकीत धुकं आलं.

खिडकी दुहेरी काचेची, चौकटीत कायमची ठोकलेली, न उघडणारी. दोन काचा, मध्ये बोटभर पोकळी, कडेनं काळा लेप लावून गच्च बंद केलेली. थंडी बाहेर, ऊब घरात आणि रस्त्याचा आवाज रस्त्यावर, असा तिचा खाक्या. त्या पोकळीत कुठून तरी ओल शिरली. आधी कोपऱ्यात नाण्याएवढा पांढरा ठिपका, मग ताटाएवढा, आणि चार दिवसांत सगळी काच दुधात बुडवल्यासारखी. आतून पुसावं तर पुसलं जाईना, बाहेरून पुसावं तरी जाईना. धुकं होतं मध्ये. नवराबायकोच्या भांडणासारखं, दोन्हीकडून म्हणणं एकच, माझ्या बाजूनं काही नाही.

बरं, धुकंही साधंसुधं नव्हतं. दुपारी चारला आत ढग जमत आणि पाचच्या सुमारास खरोखर रिमझिम होई. येणारेजाणारे खिडकीकडे बघून छत्री उघडत आणि कोरड्या रस्त्यावरून ऐटीत घरी जात.

"अहो," काकू विचारत, "न्हावीदादांकडे कोण बसलंय?"

घड्याळजी दाराबाहेर जाऊन बघून येत. "एक गिऱ्हाईक आहे."

"कोण गिऱ्हाईक?"

"तोंडाला फेस आहे. कसं ओळखू?"

"फेस तोंडाला आहे ना? कानांना तर नाही! कानांवरून माणूस ओळखता येत नाही होय तुम्हाला?"

घड्याळजी पुन्हा बाहेर जात. तोवर ते कान उठून बसमध्ये बसलेले असत. एकदाच काय ती त्यांनी बातमी आणली, की उजवा कान मोठा आहे.

मंगळवारी संध्याकाळी काकूंच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे घड्याळजींच्या आकडसासूबाईंचा फोन आला. ताईंचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नसे, खोलीत ठेवला तरी पुरे.

"धाकटे, रविवारी दहाला गाडी घेऊन येते तुला न्यायला. उरलेले तीन आठवडे माझ्याकडे राहा. आमच्या काचा बघ, इतक्या स्वच्छ आहेत की पाखरं येऊन आपटतात. त्या आंधळ्या भोकापुढे बसून वेडी होशील. आणि तुझ्या यजमानांना म्हणावं, जगाच्या वेळा सांभाळल्यात, घरच्या बाईची आता आम्ही सांभाळतो."

"येते ताई," काकू म्हणाल्या.

चहा घड्याळजींना करता येत होता, कपडे धुता येत होते. पण चाळीस वर्षांत "अहो" ही हाक कानावर पडल्याशिवाय आपण घरात आहोत की दुकानात, हे त्यांना कधी नीट कळलंच नव्हतं.

"खरंच जाणार?" त्यांनी विचारलं.

"इथं बसून काय करू? भिंतीकडे बघायचं तर तिकडे निदान पाखरं तरी आपटतात."

"आणि खिडकी रविवारच्या आत नीट झाली तर?"

"तर सांगते ताईला नको येऊ म्हणून. पण तुमचा 'उद्या' मला ठाऊक आहे."

घड्याळजींनी तडक साडूंना फोन लावला. साडू, म्हणजे ताईंचे यजमान, खिडक्यांचे व्यापारी. ही खिडकीही त्यांनीच बसवून दिली होती, आणि तेव्हापासून या घरात येताना ते दाराऐवजी खिडकीकडे बघत येत.

"कडेचा लेप गेला असणार," साडू म्हणाले. "दोन्ही काचांचं सगळं पान बदलावं लागेल. आठ आठवडे."

"आठ? मला रविवारी हवंय!"

"साडूभाऊ, काच ऑर्डर देऊन बनते. पाव नव्हे तो."

"मग मी उघडून वाळवतो."

पलीकडून मोठा हसण्याचा आवाज आला. "ती उघडायची वस्तूच नाही! कारखान्यात बंद होते ती कायमची. आजवर कुणी उघडलेली नाही."

हे साडूंनी बोलायला नको होतं. जी वस्तू बंद आहे ती उघडता येते, हे घड्याळजींच्या धंद्याचं पहिलं कलम होतं. उघडता येत नाही म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी फक्त बघण्यासाठी असतं असं सांगणं.

बुधवारी सकाळी त्यांनी चौकटीच्या पट्ट्या उचकटल्या आणि सगळं पान अलगद बाहेर काढलं. भिंतीला हे एवढं भोक पडलं. त्यावर जुनं घोंगडं टांगून दिलं, काकूंना कानटोपी घातली, गळ्यापर्यंत रजई ओढली आणि पान स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. डोळ्यात भिंग अडकवून त्यांनी काळ्या लेपाची कड न कड तपासली. तीन तास. टेबलाभोवती ते इतक्या वेळा फिरले की पाच मिनिटं आपण तासकाटा आहोत की मिनिटकाटा, असा त्यांचा गोंधळ झाला म्हणतात. शेवटी खालच्या डाव्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली.

"सापडला चोर!" ते ओरडले.

"धरून ठेवा," रजईतून काकू म्हणाल्या. "मी येऊ शकत नाही."

भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची एक तुटकी स्प्रिंग त्यांनी लेपात घातली आणि कडेकडेनं ओढत दोन्ही काचा वेगळ्या केल्या. साडूंची कधीच न उघडणारी वस्तू दुपारच्या चहाआधी उघडली. मधल्या पोकळ पट्टीत मोहरीएवढे दाणे निघाले. ओल शोषायला घातलेले. पण ते बिचारे वर्षानुवर्षं पिऊन पिऊन तट्ट झाले होते, आता थेंबही घेईनात. दाणे त्यांनी तव्यावर खरपूस भाजून पुन्हा तहानेले केले.

इथवर सगळं शहाणपणानं चाललं होतं.

पण भिजलेलं घड्याळ तीन दिवस तांदळात पुरल्याशिवाय घड्याळजींनी जन्मात कधी बंद केलं नव्हतं. त्यांच्या उस्तादानं तसं शिकवलं होतं, उस्तादाच्या उस्तादानं त्याला. ते किराणावाल्याकडे गेले आणि सत्तर किलो तांदूळ मागितला.

"घरात कार्य काढलंय वाटतं?" किराणावाल्यानं विचारलं.

"नाही हो. खिडकी भिजलीय."

किराणावाला त्यांना तीस वर्षं ओळखत होता. त्यानं मुकाट्यानं तांदूळ मोजला आणि पोती बांधताना एवढंच विचारलं, "दाराचं कसं काय आहे?"

पलंगाच्या आपल्या अर्ध्या भागावर घड्याळजींनी तांदळाचा वाफा केला, त्यात दोन्ही काचा निजवल्या, वर तांदळाचंच पांघरूण घातलं.

"अहो, काच आहे ती," काकूंनी घोंगड्यापाशी बसूनच सांगितलं. "फडक्यानं पुसली की वाळते."

"वरवर वाळते. आतली ओल तांदूळच काढतो."

"काचेला आत कुठं असतं हो? आरपार दिसतं तरी कळत नाही?"

"धंद्यातलं बोलू नये आपण," घड्याळजी म्हणाले, आणि स्वतःची गादी जमिनीवर अंथरली.

आता काचा तांदळात मुरत होत्या तेव्हा खिडकीशी काय चाललं होतं, ते घड्याळजींना कळायला रविवार उजाडावा लागला.

बुधवारी दुपारीच वाऱ्यानं घोंगड्याचा एक कोपरा उडाला. काकूंनी तो धरायला हात बाहेर काढला, तर समोरून न्हावीदादा ओरडले, "काय काकू, कुणाला टाटा करताय?"

"तुम्हालाच! कालचा तो कानवाला कोण होता?"

"कुठला?"

"उजवा कान मोठा."

"तो होय! अहो, तो तर..." आणि न्हावीदादांनी वस्तरा हातात धरून रस्त्यापलीकडून अशी काही हकीकत सांगायला घेतली की घोंगडं काकूंनी पुन्हा खाली सोडलंच नाही.

इतकी वर्षं काकूंनी ती गल्ली नुसती पाहिली होती. मुक्या सिनेमासारखी. बोलणाऱ्यांची तोंडं हलायची आणि संवाद त्यांना आपल्या मनानं भरावे लागायचे. आता एकदम आवाज सुरू झाला. टपालवाली बाई पत्रं दाराखालून न सरकवता थेट हातात देऊ लागली आणि द्यायच्या आधी पाकिटावरचं अक्षर कुणाचं असेल यावर दोघींचा खल होऊ लागला. बसवाला थांब्याच्या अलीकडे चार पावलं बस उभी करून विचारी, "काकू, पाय काय म्हणतो?" काकू सांगत, सविस्तर सांगत. बसमधली माणसंही आपापले मोडलेले पाय, हात, लग्नं सांगत. शुक्रवारपर्यंत त्या मार्गावरच्या सगळ्या बसगाड्या अकरा मिनिटं उशिरा धावू लागल्या, आणि एकानंही तक्रार केली नाही. अर्ध्या गालाला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक "या मिशीचं काय करू?" असं विचारायला खिडकीपाशी आलं, बोलण्यात रमलं, बस आली तसं चढून बसलं आणि ऑफिसात अर्धी दाढी घेऊन पोचलं.

घड्याळजींना मात्र यातलं काही दिसत नव्हतं. ते आतल्या खोलीत दर तासाला तांदळात बोट खुपसून बघत होते. बायकोचा आवाज येई, ती हसते आहे असं वाटे. त्यांना वाटलं, ताईशी फोनवर बोलतेय. जायचा आनंद झालाय. ते आणखी जोरानं तांदूळ परतू लागले.

शनिवारी दुपारी काचा बाहेर निघाल्या. काय त्यांचं रूप! काच आहे की नाही हे कळायला घड्याळजींना दोनदा कपाळ आपटून बघावं लागलं. भाजलेले दाणे पट्टीत भरले, ताजा लेप फिरवला. आता वरची काच खालच्या काचेवर ठेवायची, की काम फत्ते. घड्याळजींचे हात आपसूक चालत होते. घड्याळ परत करायच्या आधी शेवटची गोष्ट ते जी करत, ती त्यांनी केली. खाली वाकले, काचेवर तोंड नेऊन मोठ्ठा "हाऽऽ" केला, मऊ कातड्याचा तुकडा झटकन फिरवला, आणि त्याच दमात वरची काच दाबून बसवली.

पान चौकटीत परत गेलं, पट्ट्या ठोकल्या, घोंगडं उतरलं.

"कसं काय?" घड्याळजींनी कमरेवर हात ठेवले.

काकूंनी बाहेर पाहिलं. न्हावीदादांच्या दुकानातल्या कंगव्याचे दात मोजता येत होते. "छान झालंय," त्या म्हणाल्या.

एवढंच? घड्याळजींना वाटलं होतं निदान "अय्या" तरी निघेल.

ऊन कललं, बाहेर गार पडलं, आणि काचेच्या बरोबर मधोमध एक पांढरा गोल उमटला. बशीएवढा. घड्याळजी वाकून बघू लागले. काकूंनीही मान पुढे काढली.

"अहो," काकू म्हणाल्या, "हे तोंड आहे."

"कुणाचं?"

"तुमचं. हे बघा, इथं धुकं दाट आहे. इथला दात तुम्हाला नाही."

घड्याळजींनी जिभेनं ती जागा चाचपली. मग त्यांना सगळं आठवलं, आणि ते मटकन स्टुलावर बसले. आखूड पाय होताच. स्टूल त्यांना घेऊन खाली गेलं. चाळीस वर्षं ते घड्याळांवर असा "हाऽऽ" करत आले होते. घड्याळाच्या झाकणाला तो श्वास बाहेरून लागे. हा आत राहिला. सत्तर किलो तांदूळ वापरून वाळवलेल्या पोकळीत त्यांनी स्वतःचा एक अख्खा सुस्कारा कायमचा डांबून ठेवला होता.

"दाणे पितील हळूहळू," ते जमिनीवरून म्हणाले.

"किती दिवसांनी?"

"एवढा मोठा सुस्कारा... महिना."

काकूंनी कुबडी घेतली आणि कपाटातून पिशवी काढून त्यात दोन साड्या घातल्या.

रविवारी घड्याळजी उजाडताच उठले. पिशवी दाराशी उभी होती. काकू खुर्चीत बसून त्या गोलाच्या कडेनं बाहेर बघत होत्या.

"अगं, पण कडेकडेनं दिसतंय की," घड्याळजी काकुळतीला आले. "मधला भाग सोड. माणसं काय मधोमध थोडीच उभी राहतात?"

"दिसतंय हो सगळं."

"मग?"

"ऐकू येत नाही."

घड्याळजींना आधी कळेना. मग काकूंनी न्हावीदादांच्या दुकानाकडे बोट केलं. न्हावीदादा दारात उभे राहून त्यांच्याकडेच बघून तावातावानं काही तरी सांगत होते. तोंड हलत होतं, हातवारे चालले होते. आवाज शून्य.

"चार दिवस ते भोक होतं ना," काकू म्हणाल्या, "तेव्हा मला पाय मोडलाय हे आठवायचंसुद्धा नाही. तुम्ही इतक्या मेहनतीनं ते बुजवलंत. तुम्हाला काय बोलू? धुकं असो नसो, डबीत बसल्यासारखं वाटतंय. मग ताईची डबी काय वाईट?"

घड्याळजींनी भिंतीवर बघितलं. साडेसात. ते सरळ शेजारच्या खोलीत गेले. तिथं त्यांचं उस्तादानं दिलेलं उभं घड्याळ होतं, माणसापेक्षा उंच. त्याच्या लाकडी पेटीचं दार त्यांनी बिजागऱ्यांसकट उतरवलं. दारातली काच काढली, राहिलेली शिसवी चौकट खिडकीच्या पानाला जेमतेम बसत होती. जिथं बसेना तिथं कानसलं. मग सगळं पान त्या बिजागऱ्यांवर खिडकीत टांगायला घेतलं.

"हे काय करताय?" काकू किंचाळल्या. "ते उस्तादांचं आहे!"

"त्यात लोलक आहे. त्याला दार असलं काय, नसलं काय, तो कुठं पळून जाणार आहे? तू जाणार आहेस."

दहाला गाडी आली तेव्हा घड्याळजी शेवटचा स्क्रू पिळत होते. ताई दारातून आत आल्या, मागून खिडकीकडे बघत साडू.

"झाली का तयारी, धाकटे?" ताई म्हणाल्या. "आणि हे काय, काचेवर कुणाचं तोंड?"

"माझं," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांनी खिडकी उघडली.

खिशातल्या घड्याळाचं झाकण उघडावं तशी ती अलगद, बिनकुरकुरीची उघडली. गार वारा आत आला आणि त्याच्यामागोमाग न्हावीदादांचा आवाज.

"...अहो काकू, कधीपासून ओरडतोय! ती मोठ्या कानवाल्याची बायको आलीय परत! आणि एकटी नाही आली!"

"कुणाबरोबर?" काकू कुबडीसकट खिडकीबाहेर अर्ध्या झेपावल्या.

"थांबा, गिऱ्हाइकाचा गाल उरकतो आणि सांगतो!"

"कोण मोठा कानवाला?" ताईंनी विचारलं.

"बस तू, सांगते. पण आधीपासून ऐकावं लागेल."

"दोनच मिनिटं हं," म्हणत ताईंनी खुर्ची ओढली. "मग निघायचं."

साडू पानाभोवती फिरून बघत होते. घड्याळाच्या पेटीची चौकट, बिजागऱ्या, मधोमध घड्याळजींचा सुस्कारा. "असं कुणी करत नाही," ते म्हणाले. "ही गॅरंटीत मुळीच बसत नाही. पुन्हा असं आहे, की उघडी ठेवली तर दुहेरी काचेचा उपयोगच..."

"तुम्ही गप्प बसा हो!" ताई गरजल्या. "काही ऐकू येत नाहीये!"

घड्याळजींनी चहा ठेवला. अकराला बसवाला येऊन पायाची चौकशी करून गेला, आणि ताईंच्या गुडघ्याचीही. बाराला टपालवाली आली. तेव्हा ताईंनी आणखी एक रजई मागितली. दोन वाजता साडूंनी घड्याळ दाखवलं, तर ताई म्हणाल्या, की मोठ्या कानवाल्याचा भाऊ चारच्या बसनं यायचाय, आत्ता कसं निघणार?

चारच्या बसनं भाऊ आला, आणि त्याच्या हातात जे होतं ते बघून दोघी बहिणींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. सहा वाजता साडू एकटेच गाडीत बसले. काकूंच्या पिशवीतल्या साड्या पुन्हा कपाटात गेल्या.

सोमवारी सकाळी साडूंचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"साडूभाऊ, ती कधी येणार म्हणते?"

घड्याळजींनी आतल्या खोलीत डोकावलं. पलंगावर, तांदूळ झाडून काढलेल्या त्यांच्या अर्ध्या भागावर, आकडसासूबाई घोरत होत्या.

"प्लास्टर निघालं की येते म्हणाल्या."

"अहो, पण प्लास्टर तिच्या पायाला नाहीये!"

"हे मी त्यांना सांगू?" घड्याळजींनी विचारलं.

पलीकडे भांड्यांची आदळआपट झाली.

"नको," साडू म्हणाले. "चहा कसा करतात तेवढं सांगा."